बी-साइडवर कुणाचं नाव?

माझ्याकडे ४१ रेकॉर्ड्स आहेत. त्यांतल्या २६ जमैकाच्या संगीताच्या, म्हणजे रेगे आणि डबच्या. घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "अरे, हे यूट्यूबवर फुकट मिळत नाही का?" मिळतं. बाबांनी तर एकदा हिशेबच मांडला. एका रेकॉर्डचे सरासरी तीन हजार धरले तर सव्वा लाखाच्या आसपास जातात. "दोन सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा आल्या असत्या," असं म्हणून ते पेपर वाचायला लागले. आजी मात्र खूश असते. तिच्या लेखी या 'तबकड्या' आहेत, आणि ज्या घरात तबकड्या ते घर चांगलं.

हा लेख खरं तर त्या तबकड्यांबद्दलच होणार होता. आवडते पाच अल्बम, कुठली कॉपी कुठून मिळवली, कस्टम्सला किती भरले वगैरे. यादी करायला बसलो आणि पहिल्याच अल्बमवर अडकलो. कारण हा अल्बम नेमका कुणाचा, हेच मला लिहिता येईना. आणि ते का येत नाही याचा विचार करताना मला माझ्या ऑफिसातली एक गोष्ट आठवत राहिली, जी मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

आधी अल्बम.

माझ्या वयाच्या बऱ्याच पोरांना डब पहिल्यांदा भेटलं ते एका गेममध्ये. मावसभावाच्या कॉम्प्युटरवर 'जीटीए थ्री' होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आळीपाळीने खेळायचो. गाडी चोरायची, पोलिसांना चुकवायचं, आणि रेडिओ स्टेशन बदलत बसायचं. त्यात 'के-जाह' नावाचं एक स्टेशन होतं. तिथे लागणाऱ्या गाण्यांत गाणंच नसायचं. ड्रम, खोल बेस, मध्येच विहिरीतून आल्यासारखा कुणाचा तरी आवाज, आणि तो आवाज लगेच घुमत घुमत नाहीसा. मला वाटायचं गेममध्येच काहीतरी बिघाड आहे. पण ते स्टेशन मी बदलायचो नाही.

पुढे इंजिनीअरिंगला असताना कळलं की ती गाणी एका खऱ्या अल्बममधली आहेत. १९८१ सालचा अल्बम, नाव लांबलचक, 'सायंटिस्ट रिड्स द वर्ल्ड ऑफ दि ईव्हिल कर्स ऑफ द व्हॅम्पायर्स'. कव्हरवर भुतंखेतं, आणि मोठ्या अक्षरांत नाव सायंटिस्टचं. हा सायंटिस्ट म्हणजे होपटन ब्राउन. अल्बम निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा पोरगा. तो गायक नाही, वादक नाही. तो मिक्सिंग इंजिनीअर.

इंजिनीअर! हॉस्टेलच्या खोलीत हे वाचताना मला काय वाटलं असेल याची कल्पना इंजिनीअरांनाच येईल. ज्या कलेत नायक इंजिनीअर असतो अशी कला मला सापडली होती.

डब म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये सिंगल रेकॉर्डच्या ए-साइडला गाणं आणि बी-साइडला त्याच गाण्याचं आवाज काढून टाकलेलं रूप यायला लागलं. या बी-साइडवर छापलेलं असायचं एकच शब्द: 'व्हर्जन'. गावोगावच्या साउंड सिस्टिमवाल्यांना ते हवं असायचं, कारण त्यावर त्यांचे डीजे माइक घेऊन बोलू शकायचे. मग किंग टबी नावाच्या माणसाने त्या रिकाम्या जागेचंच संगीत केलं. टबी म्हणजे ऑसबोर्न रडॉक. पेशाने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळणारा. वॉटरहाउस वस्तीतल्या ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यूवरच्या राहत्या घरात त्याचा छोटासा स्टुडिओ होता. त्यातला मिक्सर एका मोठ्या स्टुडिओकडून आलेला जुना, अवघ्या चार ट्रॅकचा. तिथे बँड वाजवायला बसेल एवढी जागाच नव्हती. गाणी दुसरीकडे रेकॉर्ड व्हायची, टेप टबीकडे यायची.

त्या चार ट्रॅकवर टबी काय करायचा? काढून टाकायचा. आवाज बंद, गिटार बंद, उरला फक्त ड्रम आणि बेस. मग गिटारचा एकच फटका आत सोडायचा आणि त्याला टेप-एकोमध्ये घुमवत ठेवायचा. हे सगळं टेप चालू असताना, हाताने, एका दमात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ऑगस्टस पाब्लोचा १९७६चा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' ऐका. त्याचं शीर्षकगीत म्हणजे जेकब मिलरच्या एका प्रेमगीताचं डब. मिलरचा आवाज येतो, एखादा शब्द म्हणतो न म्हणतो, आणि तुटतो. प्रेमगीत राहत नाही, प्रेमगीताची आठवण राहते. सायंटिस्ट हा या टबीच्या हाताखाली शिकलेला.

आता प्रश्न असा. सायंटिस्टच्या त्या अल्बममध्ये ड्रम वाजवलेत स्टाइल स्कॉटने, बेस फ्लॅबा होल्टने. हे दोघे रूट्स रॅडिक्स या बँडचे. रेकॉर्डिंग झालं चॅनल वन स्टुडिओत. पैसे लावले हेन्री 'जुन्जो' लॉझ या निर्मात्याने. मूळ गाणी गायली वेगवेगळ्या गायकांनी. ती ऐकू येणार नाहीत अशी व्यवस्था केली सायंटिस्टने. मग अल्बम कुणाचा?

बाजारानेही याचं उत्तर एकसारखं दिलेलं नाही. १९८१च्या कव्हरवर नाव सायंटिस्टचं होतं. पुढे हक्कांवरून वाद झाले, आणि हेच संगीत बऱ्याच वर्षांनी पुन्हा निघालं तेव्हा शीर्षकात सायंटिस्टच्या जागी जुन्जोचं नाव होतं. ज्याने आयुष्यभर इतरांचे आवाज पुसले, त्याचंच नाव पुसलं गेलं. यात काही काव्यगत न्याय आहे असं मला वाटत नाही. पण विचार करायला लावणारं आहे.

*

जमैकाच्या संगीतात 'रिडिम' नावाची गोष्ट असते. आपल्याकडे चाल असते तशी, फक्त इथे ठेका आणि बेसची ओळ मिळून ती चाल बनते. एका रिडिमवर कितीही गाणी बांधता येतात. स्टुडिओ वनमध्ये साउंड डायमेन्शन या बँडने १९६०च्या दशकात 'रिअल रॉक' नावाचा एक वाद्यांचा तुकडा वाजवला. त्यावर पुढे शेकडो गाणी झाली. विली विल्यम्सने त्यावर 'आर्मागिडियन टाइम' गायलं, आणि १९७९मध्ये लंडनच्या द क्लॅश या पंक बँडने ते गाणं उचललं. १९८५चा 'स्लेंग टेंग' रिडिम तर कॅसिओच्या एका छोट्या कीबोर्डमधला तयार ठेका होता. तो ठेका ओकुडा हिरोको या जपानी तरुणीने बनवलेला. किंग्स्टनमध्ये कुणीतरी बटण दाबलं आणि जमैकाचं संगीत डिजिटल झालं.

मी ओपन सोर्सवर पोट भरणारा माणूस आहे. मला हे ऐकून धक्का बसत नाही, उलट घरच्यासारखं वाटतं. माझ्या रोजच्या कामात मी लिहिलेल्या एका ओळीखाली इतरांनी लिहिलेल्या हजारो ओळी असतात. कुणी तरी लायब्ररी लिहिली, कुणी तरी ती घेऊन पुढे वाढवली, मी ती वापरली. सगळंच 'व्हर्जन'. म्हणून पुष्कळ वर्षं माझं मत ठाम होतं: घेणं म्हणजे चोरी नव्हे. घेतल्यानेच संगीत वाढतं, सॉफ्टवेअर वाढतं. मालकीचा हट्ट धरला असता तर डब जन्मालाच आलं नसतं.

हे मत मी आजही सोडलेलं नाही. पण त्यात एक भोक आहे, आणि ते मला ऑफिसात दिसलं.

*

आमच्या टीममध्ये कॉन्ट्रॅक्टवर एक गृहस्थ होते. पंचेचाळीशीचे. आयटीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मी त्यांना सर म्हणायचो. व्यवहारांच्या दोन याद्या जुळवून फरक शोधणारी एक सिस्टिम त्यांनी तीन वर्षं खपून उभी केली होती. ती अवाढव्य होती आणि हळू होती. रात्री सुरू केली की पहाटे संपायची, साडेसहा तास. पण जुळवणीचे नियम इतके बारकाईने लिहिलेले होते की ती कधी चुकायची नाही. मग खर्चकपात आली. पंधरा दिवसांत त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निरोपाचा केकही झाला नाही, कारण निरोपाचे केक कायमच्या लोकांना असतात.

ती सिस्टिम माझ्याकडे आली. मी चार महिने तिच्यावर बसलो आणि मुख्य काम केलं ते काढून टाकण्याचं. अकरा हजार ओळी उडवल्या. सरांचे नियम तसेच ठेवले, आजूबाजूचं सगळं साफ केलं. साडेसहा तासांचं काम चाळीस मिनिटांत व्हायला लागलं. खोटा विनय करत नाही, ते काम चांगलं झालं होतं. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कळणं ही मेहनतच आहे. टबीचीही तीच होती.

पण त्यात मी आणखी एक गोष्ट केली. कोड नव्या जागी हलवायचा होता. जुना इतिहास बरोबर न्यायचा तर काम किचकट होतं, म्हणून मी सगळ्या फाइल्स उचलून नव्या जागी एका फटक्यात टाकल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली त्याचं नाव दाखवणारी एक सोय असते, 'गिट ब्लेम'. माझ्या त्या एका कमांडनंतर प्रत्येक ओळीपुढे माझं नाव दिसायला लागलं. तीन वर्षं, एका सेकंदात, माझ्या नावावर. मुद्दाम केलं नव्हतं. पण झाल्यावर लक्षात आलं होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

मार्चमध्ये सगळ्या कंपनीसमोर स्लाइड लागली. माझा फोटो, आणि खाली 'साडेसहा तासांवरून चाळीस मिनिटं'. टाळ्या. दहा हजारांचं गिफ्ट व्हाउचर. मी स्टेजवर टीमचे आभार मानले. 'टीम' हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात सगळे येतात आणि कुणीच येत नाही.

त्या पैशांतून मी सायंटिस्टचा तो अल्बम घेतला, चांगल्या स्थितीतली जुनी कॉपी. लहानपणी गेममध्ये ऐकलेलं संगीत आता माझ्या टेबलावर फिरणार होतं. पहिल्या रात्री ऐकत बसलो होतो. एका ट्रॅकमध्ये एक आवाज येतो, अगदी दुखावल्यासारखा, आणि दोन शब्दांत एकोत विरतो. दिवाळी, परीक्षा, नोकरी, सगळ्यांतून हा आवाज मी पंधरा वर्षं ऐकत आलो होतो. आणि मला जाणवलं की हा माणूस कोण आहे हे मला माहीत नाही. कधी शोधलंच नव्हतं. मी स्वतःला या संगीताचा संग्राहक म्हणवत होतो.

शोधलं. त्याचं नाव मायकल प्रॉफेट. २०१७ साली तो वारला. म्हणजे मला नाव कळेपर्यंत तो जाऊन काही वर्षं झाली होती.

*

संग्राहकांबद्दल थोडं कडू बोलायचं आहे, आणि मी त्यांतलाच आहे. आम्ही 'ओरिजिनल प्रेस'साठी जीव टाकतो. ज्या संगीतात 'मूळ' ही कल्पनाच ढिली आहे, त्याची मूळ प्रत आम्हाला हवी असते. किंग्स्टनमध्ये छापलेल्या जुन्या रेकॉर्ड्सची छपाई अनेकदा सुमार असायची. लेबल वाकडं, भोक मध्यभागी नाही, पहिल्या फिरकीपासून खरखर. त्या खरखरीचेही आम्ही पैसे मोजतो. आणि हे पैसे जातात कुठे? जुनी रेकॉर्ड विकली जाते तेव्हा पैसे विकणाऱ्याला जातात. ड्रम वाजवणाऱ्याला तेव्हा गाण्यामागे ठरलेली मजुरी मिळाली, ती मिळाली. तिथे त्याचा संबंध संपला. जमैकाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा आला १९९३ साली. तोवर टबीचा खून होऊन चार वर्षं झाली होती.

दुसरी वाट असते. 'हार्ट ऑफ द काँगोज' हा १९७७चा अल्बम, ली पेरीच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत झालेला. माझ्या यादीत तो वरच्या तिघांत येतो. सुरुवातीला त्याच्या मोजक्याच प्रती निघाल्या. १९९६मध्ये ब्लड अँड फायर या इंग्लंडमधल्या छोट्या कंपनीने तो नीट साफ करून, नावं-माहितीसकट पुन्हा काढला. कलाकारांना शोधून त्यांच्याशी रीतसर व्यवहार करण्याबद्दल ही कंपनी ओळखली जायची. संग्राहकाच्या दृष्टीने पुनर्मुद्रण म्हणजे दुय्यम माल. पण कुणाचं देणं लागतो या दृष्टीने बघितलं तर उलटं आहे.

मी बराच काळ असं समजत होतो की प्रश्न नावाचा आहे. घ्या, कापा, जोडा, पण नाव ठेवा. आपल्याकडे हे किती सुंदर जमवलेलं आहे. एकच अभंग दहा चालींत गातात. भजनी मंडळ वेगळं, गवई वेगळा, ठेका वेगळा. पण शेवटी 'तुका म्हणे' येतंच, 'नामा म्हणे' येतंच. चाल कुणीही बदला, मुद्रा कुणी काढत नाही. चारशे वर्षं टिकलेला 'गिट ब्लेम'. मला वाटलं, हेच उत्तर. डबमध्येही चांगल्या इंजिनीअरने गायकाला पूर्ण पुसलेलं नसतं. दोन शब्द ठेवलेले असतात, कुणीतरी इथे होतं हे कळावं एवढे. मी मात्र तेवढंही ठेवलं नव्हतं.

म्हणून मी दुरुस्ती केली. दोन शनिवार-रविवार घालवून कोडचा जुना इतिहास नव्याला जोडला. सरांच्या ओळींपुढे सरांचं नाव पुन्हा दिसायला लागलं. मॅनेजरला सांगितलं की त्या स्लाइडवर आणखी एक नाव हवं होतं. तो म्हणाला, "चांगलं केलंस. रीडमीत टाक." टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र फार हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाच्या भरात मी सरांना फोन केला.

सगळं सांगितलं. बक्षीस, इतिहास, दुरुस्ती. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, त्या नावाचं मी काय करू? मला तर तिथे लॉगिनही नाही." थोडं थांबले. "पाच महिने झाले घरी बसून. तुझ्या ओळखीत कुठे ओपनिंग असेल तर रेफर कर. आणि ते चाळीस मिनिटांचं लिहून दे मला, सीव्हीत टाकतो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नाव ठेवणं हे स्वस्त असतं, हे मला तेव्हा कळलं. ते आवश्यक आहे, कारण नाव नसेल तर पुढचं काहीच मागता येत नाही. पण मायकल प्रॉफेटचं नाव मला आज कळल्याने मायकल प्रॉफेटला काही मिळालं नाही. मिळालं मला, थोडं बरं वाटण्याचं सुख. नाव म्हणजे पावती. पावती आणि पैसे यांत फरक असतो, आणि तो फरक ज्याच्या घरी पैसे आलेले असतात त्याला पटकन दिसत नाही.

मी सरांना तीन ठिकाणी रेफर केलं. एका पानावर त्यांनी काय बांधलं आणि मी त्यातलं काय काढलं हे नीट लिहून दिलं. त्यांतल्या एका ठिकाणी त्यांच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत, तिसरी पुढच्या आठवड्यात आहे. होईल की नाही, ठाऊक नाही.

रेकॉर्ड्सचं म्हणाल तर मी घेणं थांबवलेलं नाही. नवी घेताना आता आधी बघतो की ती कुणी काढली आहे आणि वादकांची, गायकांची नावं आत आहेत का. जुन्या कॉपीचा मोह होतोच, परवाच एक जवळजवळ घेतली होती. प्रत्येक रेकॉर्डच्या आतल्या पांढऱ्या पाकिटावर मी पेन्सिलीने नावं लिहायला लागलोय: ड्रम कुणाचे, बेस कुणाचा, मूळ गाणं कुणाचं. सव्वीसपैकी अकरा झाल्या. काही नावं सापडतच नाहीत, तिथे जागा मोकळी ठेवतो.

आणि एक गोष्ट राहिलीच. त्या दहा हजारांतले पाच तुम्हाला पाठवू का, हे मी सरांना विचारलेलं नाही. फोनवर दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. त्यांना अपमान वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नसावं. व्हाउचर संपलेलं होतं, आणि त्याची रेकॉर्ड माझ्या टेबलावर फिरत होती.